पंचेचाळीस दिवसांचं झाकण

धामणगाव बढ्यात इंद्रभानच्या हाती झाकलेली वस्तू कुणी देत नाही. प्रसादाचा डबा द्यायचा तर उघडाच देतात, कारण पुढच्या वळणावर तो उघडणारच आणि झाकण रस्त्यात विसरून येणार. माणूस तसा सोन्यासारखा. वय बावन्न, मिशा भरघोस, आणि कुणाच्या घरी काही अडलं तर निरोपाच्या आधी पोचणारा. पण झाकलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली तर हा दिवसातून चारदा तिला उचलून खाली बघतो. शेवटी कोंबडीच वैतागून उठून जाते. लसूण लावला की आठव्या दिवशी उकरून कोंब फुटला का ते पाहतो आणि पुन्हा पुरतो. पाय मोडला तेव्हा सोळाव्या दिवशी त्याने विळ्याने प्लास्टर कापलं, आत पाय आहे ना याची खात्री करायला.

लग्नातही तेच. मंगलाष्टकं चालू असताना याने अंतरपाटाचा कोपरा उचलून नवरी पाहून घेतली. पलीकडून विमलबाईंनी त्याच कोपऱ्यातून अशी नजर टाकली की भटजी एक कडवं विसरले. तेव्हापासून विमलबाई लोणच्याच्या दोन बरण्या घालतात. एक घरात, इंद्रभानला उघडायला. दुसरी शेजारच्या घरी, खायला.

अशा माणसाला पंचेचाळीस दिवस एक खड्डा झाकून ठेवायचा होता.

त्याचं मूळ मागच्या उन्हाळ्यात होतं. मे महिन्यात चारा संपला आणि तुळसा आणि गौळण या दोन म्हशींपैकी तुळसा विकावी लागली. ढोरांचा दलाल भाऊराव खांद्यावर नवं दावं टाकून आला आणि तुळसा घेऊन गेला. विमलबाई अकरा दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी बोलल्या ते एवढंच, "तुळसा गेली तवा मी काई बोलली नाई. गौळण गेली तर मी बोलीन."

इंद्रभानला ही धमकी नीट कळली. विमलबाईंचं न बोलणं त्याने अनेकदा सोसलं होतं; बोलणं अजून पुरतं बाकी होतं.

मुलगी अर्पिता खामगावला कॉलेजात शेतीचं शिकते. सुटीत आली तेव्हा तिने बापापुढे वही उघडून ठेवली (उघडी असल्यामुळे इंद्रभानचा तिच्यातला रस लगेच गेला). घरच्या वावरात मका आणि सोयाबीन एकत्र पेरायचं, दोन ओळी मका, दोन ओळी सोयाबीन. दोन्ही हिरवं असतानाच कापायचं, बारीक कुट्टी करायची आणि खड्ड्यात दाबून, हवाबंद मुरवून मुरघास घालायचा. उन्हाळाभर पुरेल.

"नुसता मका काऊन नाई?" इंद्रभानने विचारलं.

"बाबा, मका म्हंजे भाकर, सोयाबीन म्हंजे वरण. नुसत्या भाकरीवर तुमी राह्यता का?"

"ठेच्यासंगं राह्यतो."

"म्हैस ठेचा खात नाई."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरणी झाली. वावर रस्त्याला लागून असल्यामुळे गावातल्या प्रत्येकाला मत देणं सोयीचं गेलं. महिन्याभरात मका कमरेच्या दिशेने निघाला आणि सोयाबीन त्याच्या सावलीत जोमाने पसरलं. भाऊरावाने बांधाजवळ गाडी थांबवून चौकशी केली, "काऊन बे इंद्रभान, पेरताना तिफन चुकली का डोकं?"

खरी अडचण तणाची होती. सोयाबीनवरचं तणनाशक मारावं तर मका जळणार, मक्यावरचं मारावं तर सोयाबीन. फवाऱ्याचा पंप खुंटीला राहिला आणि नवरा-बायको महिनाभर वाकून खुरपत राहिले. त्या महिन्यात इंद्रभान खूश होता, कारण प्रत्येक पानाखाली काय आहे ते त्याला अधिकृतपणे उचलून पाहता येत होतं.

कापणी गणपती बुडवल्यानंतर आठवड्याने आली. मक्याच्या दाण्यात नख रुतवलं तर चीक दाटसर लागत होता, आणि सोयाबीनच्या शेंगा भरून आल्या होत्या. आणि तिथेच विमलबाईंचा विळा थांबला. आमच्याकडे सोयाबीन म्हणजे वर्षाची कमाई. शेंग वाळेपर्यंत तिला हात लावत नाहीत, मग हिरव्या भरल्या शेंगेवर विळा चालवायचा म्हणजे काय? रस्त्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी तर कानाला हात लावून मान फिरवली.

"अर्पिता, थोडी वाळू देऊ ना," विमलबाई म्हणाल्या.

"आई, शेंग वाळली का पाला गळते. पाल्यातच तर सारी ताकद हाये."

विमलबाईंनी एक शेंग तोडली, सोलली, तिन्ही दाणे तोंडात टाकले आणि मग असा विळा चालवला की मजूर मागे पडले.

गोठ्याशेजारी खड्डा तयार होता. कुट्टी मशीन धडधडत राहिलं, प्लास्टिकच्या कागदावर हिरवा थर पडत राहिला, ट्रॅक्टर त्याच्यावरून पुढे-मागे जात राहिला. संध्याकाळी वरून कागद ओढला, त्यावर माती टाकली, आणि अर्पिताने सगळ्यांना सांगितलं, "आत हवा गेली का बुरशी येते. बुरशीचा चारा गाभण म्हशीच्या पोटात गेला तर गाभ टाकते. पंचेचाळीस दिवस एक बोटसुद्दा आत गेलं नाई पाह्यजे."

बोलून झाल्यावर ती बापाकडे बघत राहिली. मजूर, ट्रॅक्टरवाला, विमलबाई, सगळेच बघत राहिले.

"माह्याकडं काऊन पाहता बापा?" इंद्रभान म्हणाला. गौळण तेव्हा सहा महिन्यांची गाभण होती.

त्याच रात्रीचं जेवण पचायच्या आत, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, पानठेल्यावर भाऊरावाने त्याला डिवचलं. "लेका, तू लोणचं मुरू देत नाई, मुरघास काय मुरू देशीन?" चार माणसं हसली. इंद्रभानच्या मिशा थरथरल्या. "खड्डा बिघडला तर गौळण तुह्या दावणीले," तो बोलून गेला. भाऊराव हसायचा थांबला. "साऱ्याईनं आयकलं ना?" त्याने चौघांना विचारलं. साऱ्यांनी ऐकलं होतं. विमलबाईंपर्यंत ही बातमी इंद्रभानच्या आधी घरी पोचली. त्या काही बोलल्या नाहीत, आणि इंद्रभानला घाम फुटला.

पहिले आठ दिवस त्याने खड्ड्याकडे पाठ करून काढले. चहा पाठ करून प्यायला, म्हैस पाठ करून धुतली. नवव्या दिवशी विमलबाई भाजीला गेल्या. गोठ्यात तो एकटा, बाजूला खड्डा, हातात छत्री. आत काय झालं असेल? तापलं असेल का? सडलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं नाही का? इंद्रभानजवळ अशा वेळी कारणांचा तुटवडा कधीच नसतो. हात नेमका गोठ्याकडच्या कोपऱ्याशी गेला. माती बाजूला झाली. छत्रीची एक काडी आधीच लुळी होती, ती ओढल्यावर निघाली, आणि कागदातून कोपरभर आत गेली.

त्याने काडी ओढून नाकाला लावली. वास आंबूस होता. चांगला आंबूस की वाईट आंबूस, हे काही त्याला कळेना. आणि मग कागदाला पडलेलं भोक दिसलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. पण इंद्रभानला ते विहिरीएवढं दिसलं.

सायकलचं पंक्चर काढायचं सामान घरात होतं. त्याने कागद पुसला, सोल्युशन लावलं, ठिगळ चिकटवलं, फुंकर मारली, माती सारखी केली आणि काडी कडब्याच्या गंजीत खुपसली. विमलबाई आल्या तेव्हा तो पाठ करून बसला होता.

अकराव्या दिवशी पाऊस आला. असा तसा नाही. चार दिवस आभाळ फाटल्यासारखा. लोकांचं सोयाबीन कापून वावरात पडलेलं होतं, ते जागेवर काळं पडलं, शेंगांना कोंब फुटले. मळणीनंतर उरणाऱ्या ज्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, भरवशावर गावाची ढोरं हिवाळा काढतात, ते कुटार भिजून कुजलं. गावात सुका चारा उरला तो ज्याच्या त्याच्या गोठ्यात असेल तेवढाच. इंद्रभानकडे जुन्या कडब्याची अर्धी गंजी होती, दिवाळीपर्यंत जेमतेम पुरेल अशी. त्यानंतर गौळणीसाठी फक्त खड्डा. आणि खड्ड्याला भोक.

त्या चार दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी एक दृश्य पाहिलं. धो-धो पावसात इंद्रभान स्वतः भिजत उभा आहे आणि छत्री खड्ड्याच्या कोपऱ्यावर धरून आहे. छत्री एका बाजूने लोंबते आहे आणि त्या लोंबणाऱ्या बाजूने सगळं पाणी बरोब्बर त्याच कोपऱ्यावर पडतं आहे.

"अर्पिताचे बाबा, घरात या," विमलबाई दारातून म्हणाल्या.

"हवा खाऊन राह्यलो."

"छत्रीले काय झालं?"

"कुठं काय झालं?"

"एक काडी कमी दिसते."

"पडली असन कुठं."

विमलबाईंनी छत्रीकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत गेल्या. पाऊस उघडला तशा त्या शेणाचा पो घेऊन बाहेर आल्या आणि नेमक्या त्याच कोपऱ्यावर काहीतरी लिपत, थापत बसल्या. चार दिवसांनी तिथे जुना पाटा आला, आणि त्याच्यावर गोवऱ्यांची चळत. इंद्रभानला आपला कोपरा आता डोळ्यांनीसुद्धा तपासता येईना.

"गोवऱ्या इथंच कायले रचल्या?" त्याने शक्य तेवढ्या सहज विचारलं.

"दुसरीकडं ऊन नाई."

दुसरीकडे सगळीकडे ऊन होतं. पण हे बोलायचं तर हा कोपरा का नको ते सांगावं लागलं असतं. इंद्रभान गप्प बसला. त्याला गप्प बसायची सवय नव्हती, त्यामुळे त्याचं वजन घटलं. रोज सकाळी तो कडब्याच्या पेंढ्या मोजायचा आणि मग गौळणीच्या पोटाकडे बघायचा. एक कमी होत होतं, दुसरं वाढत होतं. बाजाराच्या दिवशी भाऊराव यायचा, दावं खांद्यावर, आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचा. "चांगली हाये. माह्याकडं सुखात राह्यीन," म्हणायचा. विमलबाई त्याला चहा द्यायच्या. साखरेशिवाय.

भाऊबीजेला इंद्रभानची मोठी बहीण बेबीताई आली. पावसाने तिच्याकडचंही कुटार गेलं होतं. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "इंद्रभान, मले खड्डा उघडून दाखव जरा. आमीबी पुढच्या साली करू."

तो दिवस एकेचाळिसावा होता. ओवाळणीचं ताट समोर, मोठी बहीण मागते आहे, आणि सारं आयुष्य ज्याची वाट पाहिली ते कारण आपल्या पायाने घरात आलेलं. विमलबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. इंद्रभानचा हात गुडघ्यावर होता, तो थोडा उचलला गेला, आणि परत गुडघ्यावर बसला.

"नाई बाई," तो म्हणाला. "चार दिवस राह्यले. अजून उघडता येत नाई."

बेबीताईने भावाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी गोठ्यात कडब्याची शेवटची पेंढी होती. अर्पिता खामगावहून पहिल्या गाडीने आली. भाऊराव आला. पानठेल्यावरचे चौघे आले, कारण त्यांनी ऐकलेलं होतं.

"पल्याडून उघडू," इंद्रभान म्हणाला. "तिकडून सोपं हाये."

"बाबा, चारा रोज गोठ्यात आणायचा. गोठ्याकडूनच उघडावं लागते."

"पन गोवऱ्या..."

विमलबाईंनी गोवऱ्या काढायला सुरुवात केली होती. मग पाटा निघाला. मग शेणामातीचा वाळलेला जाड लेप, खापरीसारखा. इंद्रभान म्हशीच्या मागे जाऊन उभा राहिला. अर्पिताने कागद दुमडला, आणि आतून कुजका वास आला. कोपऱ्यातला चारा काळा पडला होता आणि त्यावर पांढरी बुरशी.

भाऊरावाने खांद्यावरचं दावं हातात घेतलं. त्याचाही चेहरा उजळला नव्हता; पैज जिंकणं वेगळं आणि गाभण म्हैस दारातून सोडणं वेगळं. "गेलं बे," तो हळूच म्हणाला.

"म्या केलं," म्हशीमागून आवाज आला. "नवव्या दिवशी. छत्रीच्या काडीनं."

"मले मालूम हाये," विमलबाई वळून न पाहता म्हणाल्या. "छत्री पाह्यली तवाच समजलं. माती काढून पाह्यलं तर सायकलचं ठिगळ. अर्धं सुटलं होतं. लोणच्याच्या बरणीचं तोंड जसं बंद करतो, तसं शेणामातीनं लिपलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोललं असतं तर ठिगळ चिपकलं का नाई, ते पाह्यासाठी तुमी पुन्हा उकललं असतं."

हे इतकं खरं होतं की चौघांपैकी कुणालाही हसू आवरलं नाही. फक्त अर्पिता हसत नव्हती. ती वाकून हाताने काळा चारा बाजूला ओढत होती. एक घमेलं निघालं. दुसरं निघालं. तिसरं भरता भरता तिचा हात थांबला, आणि तिने मूठभर चारा वर काढून बापापुढे धरला. पिवळसर हिरवा, मक्याचे दाणे चिरडलेले, शेंगांचे तुकडे ओळखू येतील असे. इंद्रभानने नाक लावलं. ताक आणि गूळ शेजारी ठेवावेत तसा वास. या वेळी त्याला चांगला कुठला ते बरोबर कळलं.

"तीन घमेले फेका उकिरड्यावर," अर्पिता म्हणाली. "बाकी सारं चांगलं हाये."

"म्हैस खाईन तवा," भाऊराव म्हणाला. दावं अजून हातातच होतं.

टोपलं गौळणीपुढे ठेवलं. तिने मान खाली घातली, वास घेतला, जोरात फुर्र केलं आणि तोंड फिरवलं. जन्मात तिने असलं काही पाहिलं नव्हतं. इंद्रभानने टोपलं तिच्या तोंडाखाली सरकवलं. तिने दुसरीकडे तोंड केलं. टोपलं दुसरीकडे गेलं, तोंड परत पहिल्या बाजूला आलं. इंद्रभानच्या कपाळावरून घाम मिशीत उतरत होता. अर्पिता म्हणाली, "नवीन वास हाये, दोन दिवस लागतात." पण दोन दिवसांचा कडबा गोठ्यात नव्हता, आणि भाऊराव तिथेच उभा होता.

विमलबाई घरात गेल्या आणि सकाळची भाकर घेऊन आल्या. रोजची पहिली भाकर गौळणीची असते. त्यांनी ती टोपल्यात ठेवली नाही, चाऱ्यात खोल पुरली आणि वरून झाकली. मग बाजूला झाल्या.

गौळणीने विमलबाईंकडे पाहिलं. टोपल्याकडे पाहिलं. भाकर होती, पण दिसत नव्हती. तिने तोंडाने वरचा चारा हलवला, ढकलला, जीभ आत घातली. थोडं जिभेला लागलं. ती थांबली. मग ती जीभ पुन्हा आत गेली, आणि भाकर सापडल्यावरही बाहेर आली नाही. टोपलं अर्धं झाल्यावर तिने शेपटी उडवली.

"घरच्या मालकावर गेली," भाऊराव म्हणाला. "झाकलेलं उकरल्याशिवाय राह्यत नाई." त्याने दावं परत खांद्यावर टाकलं, दारापर्यंत गेला, आणि तिथून वळून विचारलं, "वहिनी, आमच्या बैलायसाठी एखादं टोपलं भेटन का? कुटार सारं सडलं."

"उद्या या," विमलबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्याच्या चहात साखर होती.

मुरघासाचा एक नेम आहे. एकदा उघडला की रोज पुढून एक हात जाडीचा थर काढावाच लागतो, आणि लगेच कागद ओढून झाकावाही लागतो. हे काम विमलबाईंनी इंद्रभानकडे सोपवलं. आता तो रोज सकाळी आंघोळ करून, मिशा विंचरून, काखेत छत्री मारून खड्डा उघडतो. गावात इतका समाधानी माणूस सध्या दुसरा नाही. माघात गौळण व्याली, पारडी झाली. फक्त झाकायच्या वेळी विमलबाई गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहतात, कागदाची शेवटची कड दगडाखाली जाईपर्यंत, आणि मग हात पुढे करून छत्री मागून घेतात.